चार पिक्सेलचा सेंटिमीटर

कंपनीत तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर मॅडम. पण पाठीमागे काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही तिला दिसत नव्हतं. तिचं कामच ते होतं. पाण्याच्या टाक्या, पुलांचे खांब, बोगद्यांच्या भिंती यांना गेलेल्या भेगांचे फोटो तिच्याकडे यायचे. भेगेशेजारी पट्टी ठेवलेली असायची. पडद्यावर फोटो उघडायचा, पट्टीवरचा एक सेंटिमीटर किती पिक्सेल भरतो ते मोजायचं, मग भेग किती पिक्सेल भरते ते मोजायचं आणि भागाकार करायचा. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. फक्त शाळेतलं पोर दिवसभर भेगा मोजून संध्याकाळची शेवटची भेग सकाळच्या पहिलीइतक्याच गांभीर्यानं मोजेल याची खात्री देता येत नाही. तिची देता यायची.

फोटो कंपनीबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून कंपनी होती तिथं तिला राहावं लागे, आणि कंपनी होती घरापासून रात्रभराच्या प्रवासावर. घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची चिंगी. नवरा घराच्या पुढच्या खोलीत पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा. माणूस शांत. मोटार जळली तरी तो आधी तिचं कौतुक करायचा, की बरीच वर्षं चालली हो. सासूबाई तब्येतीनं खणखणीत होत्या आणि घर त्यांच्या हातात होतं. म्हणजे तिच्यावाचून काही अडत होतं अशातला भाग नाही. ती वर्षातून दोनदा घरी जायची. यंदा तेही जमलं नाही, कारण एका धरणाच्या भिंतीनं सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

मागच्या खेपेला ती घरून निघाली त्या दिवशी नणंदेनं अंगणात उभं राहून एक पाचर मारून ठेवली होती. चिंगी वर्गात सगळ्यात बुटकी. कवायतीला पहिली उभी, फोटोत पहिल्या रांगेत खाली बसलेली. तिच्याकडे बघत नणंद म्हणाली, “वहिनी, जाताय तर जा. पण आई जवळ नसली की पोरं खुरटतात हो. मी पाहिलंय.” कुठं पाहिलंय ते तिनं सांगितलं नाही. अशा बायका ते कधीच सांगत नाहीत.

दुसरी कुणी असती तर प्रवासभर रडली असती. मिलिमीटरबाई प्रवासभर विचार करत होती की हे मोजायचं कसं.

उपाय साधा होता. पोचल्या पोचल्या तिनं नवऱ्याकडून आतल्या खोलीच्या दाराची चौकट टेपनं मोजून घेतली: उंबरठ्यापासून वरच्या पट्टीपर्यंत दोनशे चार सेंटिमीटर. समोरच्या भिंतीला लावलेल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा करायचा. फोन कुठे ठेवायचा तिथं नवऱ्यानं खुणेची चिकटपट्टी लावली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर चिंगीनं चौकटीत ताठ उभं राहायचं आणि आईनं तिकडून स्क्रीनशॉट घ्यायचा. चौकट पडद्यावर आठशे सोळा पिक्सेल भरली. म्हणजे चार पिक्सेलचा एक सेंटिमीटर. इतका सरळ भागाकार तिला नोकरीत कधी मिळाला नव्हता. चिंगी भरली चारशे अडुसष्ट, म्हणजे एकशे सतरा सेंटिमीटर. नवऱ्यानं टेप लावली तेव्हाही तेवढीच भरली. तिला मनापासून बरं वाटलं.

दर महिन्याला मोजणी व्हायची. पहिल्या एकदोनदा तिनं “उंबरठ्याला टाच टेकव, हनुवटी सरळ” अशा सूचना दिल्या, मग चिंगीला सवय झाली. तीन स्क्रीनशॉट, सरासरीसाठी. मधल्या वेळात आई पडद्यावर डोक्यावर एक आणि पायाशी एक अशा तांबड्या रेघा ओढत असायची आणि चिंगी तिकडे चौकटीत उभी असायची.

“झालं?”

“थांब. हलू नकोस.”

“आई, आज आमच्या वर्गात ना...”

“बोलू नकोस गं, डोकं हलतं. आधी मोजू, मग सांग.”

मग मोजून होईपर्यंत कधी आजी हाक मारायची, कधी नेट जायचं, कधी सांगायचं काय होतं तेच चिंगी विसरायची. एकूण कॉलमधला बराचसा वेळ मोजण्यातच जायचा. पण आकडे मात्र असे यायचे की पाहत राहावं. दर महिन्याला सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त. आणि चौकट दर वेळी आठशे सोळाच. एकदा फक्त आठशे चौदा भरली, तेव्हा तिनं नवऱ्याला फोन करून तांब्या सरकलाय म्हणून सांगितलं, आणि तांब्या खरंच सरकला होता. तेव्हापासून नवरा तिच्या मोजणीपुढे हात टेकून होता.

वर्ष भरत आलं तेव्हा चिंगी पाचशे बावीस पिक्सेल झाली होती. एकशे तीस आणि वर अर्धा. वर्षात साडेतेरा सेंटिमीटर! मिलिमीटरबाईनं त्याचा आलेख काढून खोलीच्या भिंतीला चिकटवला. आलेखातली रेघ जिन्यासारखी वर चालली होती. रोज सकाळी केस विंचरताना ती त्या रेघेकडे बघायची आणि मनातल्या मनात नणंदेला म्हणायची, घ्या, खुरटली बघा. तिच्या मनात काय होतं ते सरळच सांगायचं तर, त्या रेघेनं तिची सुटका केली होती. पोरगी वाढतेय म्हणजे आपलं जाणं चुकलेलं नाही. एवढा साधा हिशेब होता तो.

सासूबाई तेवढ्या अधूनमधून म्हणायच्या, “मला काही ती इतकी वाढलेली दिसत नाही बाई. अजून माझ्या कमरेशीच आहे.”

“तुम्ही रोज बघता ना, म्हणून कळत नाही,” ती समजावून सांगायची. आकड्यांशी भांडायची सासूबाईंना हौस नव्हती.

अशात साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे फार बोलणारा माणूस नव्हे, त्यांच्या तोंडी “किती?” हा एकच प्रश्न कायम. भेग म्हटली की किती, रजा म्हटली की किती, चहात साखर म्हटली तरी किती. ते म्हणाले, “धरणाचं पुढचं काम आपल्याला मिळालंय. दोन वर्षं. मोजणीला तुम्हीच हव्यात. पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा.”

तिनं हो म्हणायचं मनात पक्कं केलं होतं. आलेख होता ना पाठीशी. दोन वर्षांत चिंगी कुठल्या कुठे जाईल, असा विचार करून ती त्याच संध्याकाळी कंपनीच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेली. शाळेचा नवा गणवेश आपण शिवून पाठवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

“पोरीला घेऊन या,” शिंपी म्हणाला.

“पोरगी इथं नसते. मापं आहेत माझ्याकडे.”

“घेतली कुणी?”

“मीच. पडद्यावरून.”

शिंप्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यानं आयुष्यात बरीच मापं ऐकली होती, लपवलेली पोटंसुद्धा ओळखली होती, पण पडद्यावरचं गिऱ्हाईक पहिलंच. “वाढत्या अंगाचा शिवू?” त्यानं विचारलं.

“हो. महिन्याला सेंटिमीटरभर वाढते ती. त्या हिशेबानं माया सोडा.”

त्यानं लिहून घेतलं.

गणवेश घरी पोचला आणि नवऱ्यानं फोटो पाठवला. चिंगी गणवेशात उभी होती, किंवा गणवेश उभा होता आणि आत कुठेतरी चिंगी होती असं म्हटलं तरी चालेल. बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. झगा गुडघ्यापर्यंत हवा तो नडगीच्या खाली गेला होता. खांदे दोन्ही बाजूंना ओघळले होते. फोटोखाली नवऱ्यानं लिहिलं होतं: कापड छान आहे.

तिनं लगेच फोन लावला. “अहो, नीट घातलाय ना तिनं?”

“गणवेश नीट घालण्याचे किती प्रकार असतात?” नवऱ्यानं खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, “वर्गातली मैत्रीण पण आत मावेल म्हणावं!” त्याच्याही मागून चिंगीचं हसू ऐकू आलं.

राग नाकावर घेऊन ती थेट शिंप्याच्या दुकानात गेली. शिंप्यानं शांतपणे तिनं दिलेली मापं वाचून दाखवली, कापलेल्या कागदाचा नमुना गल्ल्याखालून काढून पसरला आणि टेप लावून दाखवली. सूतभरही फरक नव्हता. “बाई, तुमच्या आकड्यांना तंतोतंत बसतोय,” तो म्हणाला. “आकड्यांनाच घालून बघा.”

ती अपमान गिळून परत आली. शिंपी चुकला नाही, चौकट चुकली नाही, भागाकार चुकला नाही. मग गणवेश का चुकला? रात्रभर तिच्या मनात तेच घोळत राहिलं. कापड ताणलं असेल का? पण ताणलं तर गणवेश वाढेल, पोरगी कशी आकसेल?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, तिच्या पडद्यावर एका टाकीच्या भिंतीचा फोटो आला. भेग केसासारखी बारीक भरत होती, पण भेगेखाली पाण्याचा ओला डाग चांगला ताटाएवढा पसरलेला. इतकी बारीक भेग इतकी गळत नाही. तिनं फोटो मोठा करून पाहिला तर फोटोग्राफरनं पट्टी भिंतीला चिकटवलेलीच नव्हती, भिंतीपुढे उपडी बादली ठेवून तिच्यावर उभी केली होती. तिनं त्याला फोन लावला आणि आदल्या दिवशीचा शिंप्यावरचा रागही त्यातच काढला.

“अरे, पट्टी भिंतीवर नको? बादलीवर काय म्हणून?”

“मॅडम, भिंत ओली होती, पट्टी घसरत होती. आणि थोडीशीच पुढे आहे हो.”

“थोडीशी पुढे म्हणजे कॅमेऱ्याच्या थोडीशी जवळ! जवळची वस्तू मोठी भरते, लांबची लहान भरते. मोजायचंय ते आणि ज्यानं मोजायचं ते कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर नसेल तर मी कितीही मोजलं तरी सगळं खोटं. एवढं साधं...”

आणि ती बोलायची थांबली.

“मॅडम? हॅलो? पुन्हा काढू का फोटो?”

“काढ,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवायच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तेव्हा तिनं चिंगीचे सगळे स्क्रीनशॉट कंपनीच्या मोठ्या पडद्यावर एकाशेजारी एक उघडले. वर्षभर तिनं या फोटोंत दोनच गोष्टी पाहिल्या होत्या: वरची तांबडी रेघ आणि खालची तांबडी रेघ. आज तिनं रेघा काढून टाकल्या आणि नुसती पोरगी पाहिली. मग पोरीचे पाय पाहिले.

पहिल्या फोटोत चिंगीच्या टाचा उंबरठ्याला टेकलेल्या होत्या. दुसऱ्यात टाच आणि उंबरठा यांच्यामध्ये फरशीची एक बारीकशी पट्टी दिसत होती. तिसऱ्यात ती पट्टी जरा रुंद झाली होती. दर महिन्याला एक बोट, फार तर दीड बोट. त्या त्या महिन्याचा फोटो सुटा पाहिला तर कुणाच्याही लक्षात येणार नाही, आणि तिनं ते सुटेच पाहिले होते. घरातल्या फरश्या तीस सेंटिमीटरच्या. तिनं शेवटच्या फोटोत फरशीवरून अंतर काढलं. बावीस सेंटिमीटर. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा बावीस. आकडा नीट डोक्यात शिरेना म्हणून तिनं टेबलावर पंजा पसरला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. एक वीत. वर्षभरात पोरगी फोनच्या दिशेनं एक वीत पुढे सरकली होती.

पुढचा हिशेब तिनं केला, कारण तो केल्याशिवाय तिला राहवलं नसतं. फोनपासून चौकट तीन मीटरवर. त्यातून वीत वजा केली, तेव्हा चिंगीची खरी उंची निघाली एकशे एकवीस. साडेतेरा सेंटिमीटरमधले चार खरे होते. बाकीचे साडेनऊ म्हणजे नुसतं जवळ येणं.

चार सेंटिमीटरही काही वाईट नव्हते. या वयात पोरं साधारण अशीच वाढतात. नणंदेचं म्हणणं त्यानं काही खरं ठरत नव्हतं. पण आता नणंद आठवलीच नाही तिला. तिला आठवत होतं ते आपलंच बोलणं: थांब, हलू नकोस, बोलू नकोस.

संध्याकाळी तिनं घरी कॉल केला. रविवार नव्हता, त्यामुळे नवरा आधी घाबरला आणि मग त्यानं तांब्या आणला.

“तांब्या राहू द्या,” ती म्हणाली. “चिंगीला फोन द्या.”

पण चिंगी तोवर सवयीनं चौकटीत जाऊन ताठ उभी राहिली होती. हनुवटी सरळ, हात खाली. तिथून ओरडली, “आज पण मोजायचंय?”

“नाही. चिंगे, एक सांग. तिथं उंबरठ्याला टाच टेकवायची असं ठरलं होतं ना आपलं? मग दर वेळी पुढे का यायचीस गं?”

चिंगीनं खाली पायांकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं. “मुद्दाम नाही,” ती म्हणाली. मग पायाचा अंगठा फरशीवर घासत, “थोडंसं मुद्दाम.”

“उंच दिसायला?”

“नाही गं!” चिंगीला हे अगदीच अन्यायाचं वाटलं. “इथून तू एवढीशी दिसतेस.”

आणि केवढीशी ते तिनं अंगठा आणि पहिलं बोट वर धरून दाखवलं. दोन बोटांमध्ये दाणाभर जागा होती. मिलिमीटरबाईनं आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेलं अंतर मोजलं नाही. तिला रडू आलं. तिनं ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. फोन नाकापाशी धरून ती रडली, आणि तिकडे पडद्यावर नुसतं आईचं मोठं नाक दिसत असल्यामुळे चिंगी आधी हसली आणि मग गोंधळली.

“रागावलीस? मी कमी वाढलेय म्हणून?”

“नाही गं राणी. ये. ये इकडे, फोन हातात घे. त्या दिवशी वर्गात काय झालं म्हणत होतीस?”

“कुठल्या दिवशी?”

कुठल्या दिवशी ते दोघींनाही आठवेना. असे बरेच दिवस होते. मग चिंगी टेबलावर चढून बसली, फोन तिनं मांडीत घेतला आणि आज वर्गात काय झालं तेच सांगायला लागली. ते फार लांबलं. सासूबाई दोनदा हाक मारून गेल्या. नवरा रिकामा तांब्या हातात धरून दारात उभा राहिला आणि त्याला कुणी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब एका फोटोवर वाकले होते.

“धरणाच्या कामाला मी नाही, साहेब. घरी जातेय. महिनाअखेर सोडेन.”

साहेबांनी मान वर केली. तिच्याइतकं नेमकं मोजणारी दुसरी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि ते बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “कारण?”

“मोजण्यात चूक झाली माझी. वर्षभर होत होती.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “कुठल्या टाकीत?”

“टाक्या ठीक आहेत. घरी. पोरीचं मोजत होते.”

साहेब पुन्हा बसले. खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलावरच्या फोटोकडे बघितलं. त्या फोटोतल्या भेगेत नख शिरलं नसतं, आणि तरीही त्या भेगेपायी टाकी रिकामी करायचा आदेश त्यांनी सकाळीच दिला होता. मग त्यांनी त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला.

“किती?”

“वीतभर.”

“बापरे,” साहेब म्हणाले. “महिनाअखेर कशाला थांबताय? आजच निघा.”